कोकरासाठी दिलेली हाक

उन्हात घातलेल्या घोंगडीचा वास आला, की मला वडूजकडचं सासरचं माळरान आठवतं. सत्तरच्या दशकात मी तिथं नवी सून होते. माहेरी मला जनावरांचे आवाज काढायचा भारी नाद. सासरी मात्र लाजेनं तो गिळून टाकला होता.

एका संध्याकाळी साप चावून आमच्या कळपातली एक मेंढी मेली आणि तिचं कोकरू भिऊन ओढ्याकाठच्या बाभळीत शिरलं. माणसांच्या हाका ऐकून ते आणखीच आत दडलं. सकाळीच त्या बाजूला लांडग्याचा माग दिसला होता. मी खाली बसले आणि त्या मेंढीसारखाच घोगरा, लांबलचक आवाज काढला. उत्तर आलं नाही. घसा खरवडला, तरी काढत राहिले.

"चल आता, न्हाई यायचं ते," नवरा म्हणाला.

"येतंय. तुमी जरा गप ऱ्हावा."

मी त्यांना असं बोलले, याचं आज नवल वाटतं. ते मात्र खरंच गप्प राहिले.

शेवटी काट्यांतून बारीक 'बें' आलं. कोकरू धडपडत माझ्या मांडीत शिरलं आणि पदर चोखू लागलं. मी आवाज थांबवला की ते थरथरायचं. म्हणून त्याला उराशी धरून, सगळी वस्ती बघत असताना, मी घरापर्यंत मोठ्यानं मेंढीसारखी ओरडत गेले.