मऊ गादी

आमचा दादा गाद्या बनवतो. शिवलेली गादी गिऱ्हाइकाला देण्याआधी तो तिच्यावर कोपर रोवतो. कोपर सहज रुतलं की काम पास. स्वभावाने आडमुठा, कुणाचं ऐकेल तर शपथ. ऐकायचा फक्त मुलीचं. तिला आम्ही ‘सरकार’ म्हणायचो.

सरकारची हाडं जन्मापासून ठिसूळ. आई आणि बाप, दोघांच्याही रक्तातून आलेला आजार. कूस बदलताना मांडी मोडायची, शिंकताना बरगडी. सातव्या वर्षापर्यंत एकवीस फ्रॅक्चर. “आत्या, आज पायाला सुट्टी, हाताची पाळी,” असं नवं प्लास्टर दाखवत मला सांगायची.

ती दोन वर्षांची असताना दादाने तिच्यासाठी आयुष्यातली सगळ्यात मऊ गादी बनवली. फोमचे तीन थर, वर कापूस. पोर तिच्यात नुसती बुडायची. आम्ही सगळ्यांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं.

मग सातव्या वर्षी तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. कणा इतका वाकला होता की फुप्फुसांना जागाच उरली नव्हती.

“कणा आजारानेच वाकलाय, तुमची चूक नाही,” ते म्हणाले. “गादी मात्र कडक हवी होती. आता फार दिवस नाहीत.”

दादाने त्यातलं मधलंच वाक्य ऐकलं. घरी येऊन त्याने गादी उसवली, फोम उपसला आणि पातळ, कडक गादी शिवली.

“बाबा, टोचतंय. माझी जुनी दे ना.”

“डॉक्टरांनी सांगितलंय, बाळा.”

“मग डॉक्टरांनाच झोपव हिच्यावर.”

मी आणि वहिनी हसलो. दादा हसला नाही, आणि गादीही बदलली नाही. तिला तो पहिल्यांदाच नाही म्हणत होता. देऊन टाक रे, आता काय उरलंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही, म्हणून मला अजून माझाच संताप येतो. ती रोज मागत राहिली. बाराव्या दिवशी दुपारी, त्या कडक गादीवरच गेली.

दादा परत दुकानात बसतो. काढलेला फोम कोपऱ्यात तसाच पडलाय. मी डबा घेऊन गेले की विचारतो, “तेवढे दिवस जुनी दिली असती, तर काय बिघडलं असतं गं?”

काहीच बिघडलं नसतं. मी डबा उघडते आणि म्हणते, “जेवून घे आधी.”