खसचं अत्तर आणि चिन्नोरचा तांदूळ

मी अत्तर लावते. पन्नाशी उलटलेली, नवरा गेलेली, करडी गावाच्या शिवारात धान लावणारी बाई रोज सकाळी अत्तर लावून घराबाहेर पडते, हे आमच्या गावात अजून बऱ्याच जणांच्या पचनी पडलेलं नाही. न पडो. त्यांनी नाकं मुरडली की मला उलट हुरूप येतो, हा माझा स्वभाव आहे आणि तो आता बदलायचा नाही.

त्याआधी मी स्प्रे मारायची. लेक नागपूरला नोकरीला लागली, त्या वर्षी दिवाळीत तिने निळ्या काचेची एक बाटली आणली. बाटली पुरुषांची होती. कुठल्याशा दुकानात एकावर एक फुकट मिळाली म्हणून तिने ती घरी टाकून ठेवली होती. मी झाकण काढून वास घेतला. लिंबाच्या सालीसारखा, जरा थंड वास होता. नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत माझ्या अंगाला साबण, शेण आणि धानाचं भूस यांखेरीज कशाचाच वास आला नव्हता. मी आरशासमोर उभी राहून मानेवर फुस्स केलं आणि शेतावर निघून गेले. कोणाला काही कळलं नाही.

पुढे लेक बाटल्या पाठवत राहिली आणि मी मारत राहिले. पण मला त्याचं हसूही यायचं. धानावर तुडतुडे आले की मी पाठीवर पंप घेऊन फवारणी करायची, घरी येऊन घासून घासून आंघोळ करायची आणि मग पुन्हा स्वतःवरच फवारणी! आवाज तोच, फुस्स. फरक एवढाच की धानावरची फवारणी टिकायची. माझा स्प्रे तर घरापासून बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या वावरापर्यंतसुद्धा साथ देत नव्हता. आमच्याकडचं ऊन असं की माणसाच्या डोक्यातले विचार उडून जातात, तिथे या पाण्यासारख्या वासाची काय कथा. वर मानेवर पुरळ उठायला लागलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि सांगितलं, बाई, हे मारणं बंद करा.

बंद करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. दवाखान्यातून बाहेर पडले ती सरळ बाजारात गेले. एका बोळात अत्तराचं छोटं दुकान आहे, इतकं छोटं की दुकानदार आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. मी तिथून कैकदा गेले असेन, पण थांबले नव्हते. म्हाताऱ्या दुकानदाराने माझ्याकडे वर पाहिलं.

"किसके लिए चाहिए, बहनजी? भाईसाब के लिए?"

"मेरे लिए," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण शेजारचा चपलांचा दुकानदारही वळून बघायला लागला.

मी म्हाताऱ्याला मानेवरचं पुरळ दाखवलं. स्प्रेने पुरळ उठतं हे ऐकून त्याने मान हलवली. यात दारू नसते, तेलच असतं, म्हणाला, पण आधी थोडं लावून बघा. लांब मानेच्या बाटलीतून त्याने काडीने एक ठिपका माझ्या मनगटावर लावला आणि म्हणाला, फिरून या, अर्ध्या तासाने सांगा. मी भाजी घेतली, मिरच्या घेतल्या, विळ्याला धार लावून घेतली. अर्ध्या तासाने मनगट नाकाशी नेलं आणि मला आमच्या जुन्या घरातला कूलर आठवला. उन्हाळ्यात खसच्या ताट्यांवर पाणी पडलं की दुपारी सगळं घर त्या ओल्या मुळांच्या वासाने भरून जायचं. हा वास माझ्या ओळखीचा होता. निळ्या बाटलीतला कधीच नव्हता. मी खसची बोटाएवढी कुपी घेतली आणि एसटीत बसले.

स्प्रे मारत होते तोवर मला कोणी शब्दाने विचारलं नव्हतं, कारण तो कोणाच्या नाकापर्यंत पोचतच नव्हता. अत्तर पोचलं. सकाळी लावलेला ठिपका संध्याकाळी दूध घालायला गेले तरी अंगावर असायचा. आठवड्याभरात सगळ्या आळीला कळलं. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी बाई म्हणते, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"का वो, कोनाच्या लग्नाले चालली?"

"धानाले पानी द्याले चालली, बाई."

"मंग अत्तर कायले?"

"धानाले वास येते म्हनून," मी म्हणाले आणि फावडं खांद्यावर टाकून चालू लागले. माझं हे असंच. चार शब्द शांतपणे बोलता आले असते तर माझी निम्मी भांडणं झालीच नसती.

आता चिन्नोरबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे. चिन्नोर हा आमच्या भागातला वासाचा तांदूळ. दाणा बारीक, पीक उशिरा येतं, उतारा कमी, आणि वारा सुटला की सगळं उभं पीक लोळतं. म्हणून आमच्या गावात एकेकाने ते सोडलं आणि जास्त पिकणारं बियाणं धरलं. नवरा गेल्यावर दिरांनी मला सांगितलं होतं, बांधी ठेक्याने देऊन टाक. मी दिली नाही. अर्ध्या एकरात चिन्नोर लावत राहिले, दरवर्षी घरचंच बियाणं राखत राहिले. गावात शुद्ध बियाणं उरलं ते माझ्याकडेच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायचीच असती तर आणखी पुष्कळ आहे.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने ठरवलं की गटाच्या नावाने चिन्नोरच्या पिशव्या भरायच्या आणि भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मांडायच्या. गटात आम्ही अकरा बायका, त्यात नवरा नसलेली मी एकटी. अध्यक्ष माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हुशार, बोलायला गोड. सचिव माझ्या जाऊबाई, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे. आणि तांदूळ माझा, पिशव्या भरायच्या आधी गटाने पारखून घ्यायचा. तो पास झाला तर पुढच्या हंगामात पाच-सहा घरं माझ्याकडून बियाणं घेणार होती. नापास झाला तर माझ्या बियाण्याला गावात पुन्हा कोणी हात लावला नसता आणि चिन्नोर माझ्यासोबतच संपलं असतं. पारखीच्या दिवशी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वासाचा तांदूळ पारखायची आमच्या बायकांची एक रीत आहे. मूठभर दाणे घ्यायचे, मूठ घट्ट मिटायची, अंगठ्याच्या फटीतून दोन-तीनदा गरम श्वास आत सोडायचा आणि मग मूठ उघडून समोरच्या बाईच्या नाकाशी धरायची. श्वासाच्या उबेने दाणा वास सोडतो. ज्याचा तांदूळ त्यानेच मूठ द्यायची. मी लहानपणापासून हे बघत आले, शेकडो मुठी दिल्या असतील.

त्या दिवशीही दिली. सकाळी अत्तर लावलं होतं, पण हात साबणाने धुतले होते आणि माझ्या मते प्रश्न मिटला होता. स्प्रेच्या काळात न धुताही मिटायचा. तेल तसं नसतं, ते बोटांच्या चिरांत बसतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी मूठ मिटली, श्वास सोडला आणि उघडी मूठ अध्यक्षांपुढे धरली.

अध्यक्षांनी वास घेतला आणि डोकं मागे घेतलं. पुन्हा घेतला. मग मूठ शेजारणीकडे वळवली. शेजारीण म्हणाली, "हा तर खस आहे वो."

कोणी हसलं नाही. बाजारात साध्या बारीक तांदळाला येसेन्स चोळून तो चिन्नोर म्हणून विकतात, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याच भीतीने तर आम्ही पारख ठेवली होती. जाऊबाईंनी वहीतून मान वर केली.

"येसेन्स लावला तुनं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी राग आला, आणि त्याच क्षणी मला माझी चूकही कळली, त्यामुळे राग दुप्पट झाला. "हात माहा चुकला, तांदूळ नाई," मी म्हणाले. "अत्तर बोटाले आहे. दुसऱ्या कोनी मूठ घ्या."

पण एव्हाना ताटातला सगळा नमुना माझ्या हातांनी चाळून झाला होता. जी मूठ घ्यावी तिला खस. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, असं करू. तुमी अत्तर लावनं सोडून द्या, आठ दिवसांनी पुन्हा मूठ देजा. गटाच्या नावाचा प्रश्न आहे."

बोलणं गोड होतं, पण त्यात एक गोष्ट पक्की ठरवून टाकली होती. अत्तर सोडलं तर मी खरी, नाही सोडलं तर खोटी. मी म्हणाले, "आठ दिवस कायले? उद्या सकाळी माह्या घरी या. पोतं शिवलेलं आहे. तुमीच उसवा, तुमीच धुवा, तुमीच शिजवा. मी दान्याले शिवत नाई. आन अत्तर लावून बसतो."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, अध्यक्ष आणि जाऊबाई. मी दाराबाहेर, माझा वास आत जाणार नाही अशा बाजूला खाट टाकून बसले. रोज एक ठिपका लावते, त्या दिवशी दोन लावले. स्वतःच्या घरात दुसऱ्या बायका स्वयंपाक करतात आणि आपण पाहुण्यासारखं बाहेर बसायचं, हे किती कठीण असतं ते त्याच दिवशी कळलं. आतून पोत्याची शिवण उसवल्याचा आवाज आला. मग पाण्याचा आला, एकदा, दोनदा, तीनदा. वरून चोळलेला वास पाण्याने जातो, म्हणून त्यांनी तीनदा धुतलं. बरोबरच केलं, मीही तेच केलं असतं. शंभर टक्के खात्री असलेल्या माणसालाही भीती वाटते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मग पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. मी बाहेर बसल्या जागी ओळखलं. चिन्नोर शिजलं की वास घराच्या कौलांना लागतो, तो लपत नाही.

अध्यक्ष बाहेर आल्या. हातात वाटी होती, वाटीत नुसता भात, आणि त्या खात होत्या. "काकू, खरं आहे," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन आम्हा तिघींनाही वाढलं. जाऊबाईंनी दोनदा भात मागून घेतला.

मला वाटलं, झालं. पण संध्याकाळच्या बैठकीत जाऊबाईंनी वही उघडली आणि वाचायला लागल्या. तांदूळ मंजूर. त्याखाली आणखी एक ठराव लिहून ठेवला होता. गटाच्या कामावर कोणीही अत्तर लावून येऊ नये.

"तांदळाले हात लावताना लावत नाई, हे मी कालच मानलं," मी म्हणाले. "तसं लिहा, मी पहिली सही करतो. पन कामावर म्हंजे काय? बैठकीलेबी नाई? हिशोबालेबी नाई? आन इथं बसलेल्या निम्म्या बाया पावडर लावून आल्या, गजरे माळून आल्या. त्याचं काय?"

"त्यांचं येगळं आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"काय येगळं आहे?"

जाऊबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुले शोभत नाई, एवढंच. लोकं बोलतेत."

निदान कोणीतरी बोललं. तांदळाचं निमित्त होतं, हे एकदाचं बाहेर आलं आणि मला हलकं वाटलं. मी उठून उभी राहिले.

"बाई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाले गटाच्या सतरंज्या मी टाकतो. चाय मी करतो. तुमी अत्तरदानी घेऊन ओळीनं सगळ्यांच्या हाताले अत्तर लावता, आन माह्यापाशी आल्या का पुढच्या बाईकडं सरकता. सात वर्षं झाली. मी हात पुढं करनंच सोडून देल्लं. तो ठराव कोन्या पानावर आहे? आधी तो वाचून दाखवा. मंग हा लिहा."

जाऊबाईंच्या हातात पेन होतं. वही चाळायला त्यांनी बोट उचललं आणि तसंच ठेवलं. दहा बायका खाली बघत होत्या. कोणीतरी बांगड्या सारख्या केल्या.

अध्यक्षांनी जाऊबाईंच्या पुढ्यातून वही ओढून घेतली, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "पुढचा विषय घेऊ."

पुढचा विषय पिशव्यांवर तांदूळ पिकवणाऱ्या बाईचं नाव छापायचं की नाही, हा होता. छापायचं ठरलं.