मागच्या दारची पायरी

असोद्यात कोणाच्या बोअरमध्ये मोटार अडकली, की आधी अभिमनला हाक जाते. साठीला टेकलेला गडी, पण डोकं अजून तरणं. ठिबकच्या फाटक्या नळीनं खाट विणील, मोडक्या सायकलच्या चाकावर विहिरीची बादली चढवील. धुळ्याच्या कॉलेजातली दिपमाला गावात आली, पन्नाशीपुढच्या माणसांना रोजच्या अडचणी कितपत सोडवता येतात ते मोजायला, तेव्हा अभिमनचा शेजारी वना म्हणाला, "ताई, ह्याले शेवटी विचारा. नाहीतं तुमचे कागद सरतीन."

अभिमनच्या ओट्यावर माणसं जमली. उंबऱ्याच्या आत अभिमनची माय, झुंबरबाई, शेंगा फोडत बसली होती.

दिपमाला एकेक अडचण वाचायची, माणसांनी सुचतील तेवढे उपाय सांगायचे, उपायागणिक गुण. गळकी टाकी झाली, चुकलेली बस झाली. अभिमन सगळ्यांच्या पुढे.

"घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संडासाची उंच पायरी चढवत नाही. काय कराल?"

"त्याच्यात काय?" अभिमन म्हणाला. "दोन विटा लावून मधी एक पायरी करायची. नाहीतं फळीचा उतार. भिंतीले पाईप ठोकायचा, धरायले. तेही नसलं तं लिंबाचा खुंटा गाडायचा."

वनानं मांडीवर थाप मारली. "घ्या. भो काही थांबत नाही."

आतला शेंगांचा आवाज मात्र थांबला.

"अभिमन," माय म्हणाली. सुरात तक्रार नव्हती, नवल होतं. "तुले येत व्हतं हे?"

गुडघे गेल्यापासून म्हातारी मागच्या दारी संडासाच्या उंच पायरीवर बसायची, लुगडं गोळा करायची आणि हातांवर रेटत वर सरकायची. अभिमन तोंड धुता धुता रोज बघायचा. वय झालं, त्याला कोण काय करणार, म्हणायचा. तिलाही वाटायचं, इलाज असता तर माझ्या पोरानं केला नसता का?

वना उगाच चपला शोधू लागला. अभिमनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"ताई, हे एवढं खोडा."

"खोडता येत नाही, काका. सुचलं का, एवढंच आम्ही मोजतो."

दिवस मावळायच्या आत त्यानं विटा लावल्या, पाईप ठोकला. चहा निवेपर्यंतचं काम. तेच त्याला जास्त लागलं.

सकाळी माय मागच्या दारी गेली. नवी पायरी समोर असून सवयीनं खाली बसली, लुगडं गोळा केलं. अभिमननं धावत जाऊन हात पुढे केला.

"सर बापा," ती हातांवर रेटत म्हणाली. "मले असंच जमते आता."

पाईप धरून उभा राहिला तो अभिमनच.