कौसाआत्याचा एक एकर

आमच्या घरी मोसंबी विकायला असायची, खायला नाही. आई मी लहान असताना गेली, वडील मी दहावीत असताना. मागं उरली तीन एकर जमीन, माघातच तळ दाखवणारी विहीर आणि वडिलांची विधवा बहीण, कौसाआत्या. लग्नानंतर तिनं भावाला हक्कसोड करून दिली होती. आमच्याकडे बहिणी साडीचोळी घेतात, अंगठा देतात आणि माहेर टिकवतात. तसाच तिनंही दिला. नवरा वारल्यावर ती परत आली ती पाहुणी म्हणून, आणि त्या पाहुणीनं तीस वर्षं ते शेत कसलं. सातबारा मात्र वडिलांमागं माझ्या नावावर झाला. घराण्यातला पहिला पदवीधर मी. ते मी मान वर करून सांगतो. पण त्या पदवीसाठी ऊन खाल्लं ते तिनं.

आता मी सिंगापुरात हौगांगला राहतो, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गावाकडे गारपीट झाली की सरकारी मदत माझ्या खात्यात यायची. मी ती लगेच आत्याला पाठवायचो. ती फोनवर म्हणायची, "सरकारनं तुलाच वळखलं, पंडिता. गारा तेवढ्या माझ्या डोक्यात पडल्या."

बागेला ठिबक बसवायचं तिच्या मनात होतं. अनुदान मिळणार होतं, पण अर्ज जमीनमालकाचा आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर. माझा भारतातला नंबर मी इथे आल्यावर बंद पडू दिला होता. ती सेवा केंद्रात दोनदा जाऊन बसली. तिथल्या माणसानं विचारलं, "मावशी, लाभार्थी कुठंय?"

"लाभार्थी एसीत बसलाय. मी नुसती राबनारी हाय."

हे तिनंच मला हसत हसत सांगितलं... मला हसू आलं नाही.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा तिनं जेवता जेवता विषय काढला. "बागेचा तेवढा एक एकर माझ्या नावानं कर. मंग मला कुनाच्या फोनची वाट बघाया नको." मी हो म्हणालो. पण भावकीतल्या चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. "तिला लेकरूबाळ नाही. उद्या तिच्या दिराची पोरं हक्क सांगत येतील, मग बस कोर्टात." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला सोपं गेलं. बुकित तिमाहच्या बंगल्यांत राहणाऱ्या मित्रांकडे जेवायला गेलो की "गावाकडे आपलं शेत आहे" म्हणायला मला आवडायचं, सगळंच्या सगळं शेत. मी नवं सिम घेतलं, आधारला जोडलं आणि ठिबकचा अर्ज माझ्याच नावानं भरला. तिला म्हणालो, "नावाचं पुढच्या खेपेला बघू."

"बघ बाबा. मी कुटं चाललीय?"

चैत्रात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत असताना चुलत्यांचा फोन आला. मोसंबीला घागरीनं पाणी घालता घालता ती भर उन्हात कोसळली... उठलीच नाही. मी पोचेपर्यंत अग्नी दिला होता.

परत आल्यावर एका रविवारी सातबारा फोनवर उघडून बसलो होतो. नऊ वर्षांची मुलगी डोकावली. आपल्या शेताचा कागद आहे, असं मी सांगितलं. "देन आत्याआजीचं नेम व्हेअर?" ती तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. "शी डू एव्हरीथिंग, व्हॉट." त्या जमिनीच्या कागदांवर आत्याचा अंगठा एकदाच उमटला होता, हक्क सोडताना.

ठिबकच्या मंजुरीचा मेसेज तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी आला. चुलत्यांनी उभं राहून काम करून घेतलं. निम्मी झाडं तोवर वाळली होती. उरलेल्यांना आता ठिबकनं पाणी मिळतं. लाभार्थी म्हणून नाव माझं आहे.