सोनुनबुबूनं धूर लपवला

आमच्या केंग-सू गावात लोकर धुवावी ती सोनुनबुबूनं. माझी थोरली जाऊ आहे म्हणून सांगत नाही. शिरडक म्हणजे आमच्याकडचा नक्षीचा बुरणूस. त्याची लोकर कढत पाण्यात धुतल्याबिगर रंग धरत नाही, आणि ते पाणी तापायचं शेणीवर. मेंढरांनी हिवाळाभर तुडवलेलं वाडग्यातलं शेण फावड्यानं ठोकळे पाडून काढायचं, वाळवायचं, जाळायचं. अकरा वर्षं त्या धुरात बसून सोनुनबुबूचे डोळे मिरची चोळल्यागत लाल झाले. गेल्या साली डॉक्टरनं सरळ सांगितलं, चूल सोड, नाही तर डोळ्यांची आशा सोड.

तशात नारीन शहराहून निरोप आला. गावातल्या धंदेवाल्यांना उन्हावर पाणी तापवायचा बंब घ्यायला एक निधी तीन हिस्से पैसे देणार, चौथा आपण घालायचा. पण आमच्या अख्ख्या खोऱ्यात यंदा एकालाच. त्यांची बाई येऊन कुणाला धुराचा जाच जास्त ते बघणार आणि ठरवणार.

पाहुणी येणार म्हटल्यावर सोनुनबुबूच्या अंगात आलं. लोकर धुवायच्या तिच्या कारखान्याच्या भिंतींवरची काजळी खरवडून तिनं चुना मारला. शेणींची रास माझ्या गोठ्यात हलवली. कढई घासून अशी केली की तीत तोंड बघावं.

"अगं एजे," मी म्हटलं, थोरल्या बाईला आमच्यात एजेच म्हणतात, "ती धूर बघायला येतीया, तुझा टापटीपपणा न्हवं."

"गप गं! पाहुणीला काळ्या भिंतीम्होरं बसवू व्हय? आपली सासू थडग्यातनं उठून हाणंल मला."

झामिरगुल नावाची ती बाई आली. सगळीकडं फिरली, भिंतीवरनं बोट फिरवलं, बोट बघितलं आणि वही मिटली.

"एजे, तुमच्याकडं तर काहीच अडचण दिसत नाही. वरच्या गावात एक दूधवाला आहे, त्याचं छत काजळीनं दिसतसुद्धा नाही. त्यालाच द्यावं म्हणते."

सोनुनबुबू चुन्याच्या भिंतीपेक्षा पांढरी पडली. पण तोंडातनं निघालं ते भलतंच.

"मेंढरू कापलंय. न जेवता कशा जाशीला?"

मेंढरू कापल्यावर उठून जाईल असं माणूस आमच्याकडं जन्मायचंय. बाई बसली. आता मेंढरू कापलं खरं, शिजवायचं कशावर, याचा विचारच कुणी केला नव्हता. सोनुनबुबूनं मला डोळ्यानं खुणावलं. मी गोठ्यातनं दोन पोती ओढत आणली. माझ्या गोठ्याचं छप्पर गळकं, शेणी ओलावलेल्या. पेटवल्या तशी खोली धुरानं गच्च झाली. बाई खोकून खोकून वाकली, डोळ्यांतनं धारा.

"रोज... रोज असंच असतं?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, बये, हो म्हण.

"न्हाई," सोनुनबुबू म्हणाली. "आज शेणी वल्ल्या हायती, म्हणून जास्त. पर रोज सकाळपासनं दिस बुडंपतोर असतोय. तुमच्यासाठी लपवला हुता."

"आणि हा चुना?"

"परवा मारला."

बाईनं डोळे पुसले, वही उघडली. गोठ्यात जाऊन शेणी मोजल्या, डॉक्टरचा कागद मागितला. सोनुनबुबूचे डोळे उजेडात धरून बघितले. मग पोटभर जेवली.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. दूधवाल्याचं नाव पुढच्या वर्षाच्या यादीत पहिलं लागलं. चौथ्या हिश्शासाठी एक कालवड गेली, तिचं सोनुनबुबूला अजून वाईट वाटतं.

आता छपरावर काचेच्या नळ्या आहेत. ढगाळ दिवशी चूल पेटते, नाही असं नाही. पण आमच्याकडं हिवाळ्यात बर्फ पडून गेलं की आभाळ लख्ख, तेव्हा पाणी हात भाजेल असं येतं. डोळ्यांची लाली बरीच उतरलीय. सुईत दोरा ओवायला मात्र मलाच हाक असते.

ऐतवारी गावातल्या बायका डोकी धुवायला येतात.

"लोकर धुयाचं पाणी हाय ते," सोनुनबुबू ओरडते, "तुमच्या झिंज्या धुयाला न्हवं!"

ओरडता ओरडता नळ तीच सोडते.