आत्याबरोबर नारामध्ये

अनोळखी माणूस भेटला की आत्या आधी त्याला प्रश्न विचारायची, नाव मागाहून. एसटीत कंडक्टरला म्हणायची, "पाय जास्ती कुनाचे दुखत्यात, तुमचे का डायवरचे?" पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी ती बालवाडीत मदतनीस होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शिक्षण चौथीपर्यंत. मी नगरला हायस्कुलात शिकवायचे, तरी तिच्या प्रश्नांपुढे माझी तारांबळ उडायची.

त्र्याण्णवच्या सुमारास गावातले नालाबांध बघायला हारुको नावाची जपानी मुलगी आली. तिची सोय पाटलांच्या माडीवर केलेली होती. पण आमच्या वस्तीत फिरताना तिला आत्याच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली आणि ती दारातच थबकली. आत्यानं तसबिरीकडे बोट करून विचारलं, "तुमच्यातबी ह्येच?" मराठीचा एक शब्द येत नसताना हारुकोनं मान डोलावली. संध्याकाळी तिची पिशवी आत्याच्या घरी आली आणि आठ महिने तिथंच राहिली. मराठीही ती आत्याकडूनच शिकली, त्यामुळे सगळं 'हाय' आणि 'न्हाई'मध्ये.

सत्त्याण्णवच्या उन्हाळी सुट्टीत तिनं आम्हा दोघींना क्योतोला आपल्या घरी बोलावून घेतलं आणि एक दिवस नारा दाखवायला नेलं.

तिथं हरणं मोकळी फिरतात. हातात बिस्किट दिसलं की मान वाकवतात. पहिलं हरीण वाकलं तशी आत्याही वाकली आणि म्हणाली, "जयभीम!" मी चटकन आजूबाजूला पाहिलं. ती माझी सवयच होती. शाळेत, नव्या घरमालकाकडे कुणी आडनावावरून पुढचं विचारू लागलं की मी विषय बदलायची. इथं कुणाला काही कळणार नव्हतं, तरीही पाहिलं.

मंदिराच्या आवारात दगडी हौद होता. लोक लांब दांड्याच्या पळीनं हातावर पाणी घेत आणि पळी परत ठेवत.

"ही पळी कोनाची?" आत्यानं विचारलं.

"समद्यांची," हारुको म्हणाली.

"कोनीबी धरायची?"

"कोनीबी."

आत्यानं पळी उचलली, पण पाणी घेतलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात बघत थोडा वेळ उभी राहिली. लहानपणी गावच्या आडावर तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. मग तिनं सावकाश हात धुतले.

आत बुद्धाची प्रचंड मूर्ती होती. "तळहातच आपल्या पडवीयेवढा हाय," असं म्हणून आत्यानं हात जोडले. बाजूला एक म्हातारे भिक्खू लोकांच्या वह्यांत कुंचल्यानं काही लिहून देत होते. आत्या थेट त्यांच्यापुढे गेली. "हारू, ह्यांना इचार, तुमी बौद्ध कधी झाले?"

मी तिचा पदर ओढला. "आत्या, असं विचारू नये."

"का गं? वाईट काय त्यात?"

हारुकोनं विचारलं. भिक्खूंनी कुंचला खाली ठेवला आणि बराच वेळ विचार केला. हारुको म्हणाली, "त्यांना ठावं न्हाई. बाप हुता, त्याचा बापबी हुता. म्हनत्यात, तुमी कधी?"

आत्या ताठ उभी राहिली. "छप्पन साली. नऊ वर्साची हुते मी. माझा बाप नागपूरला जाऊन आला आन घरातले देव नदीला सोडले. त्या दिशी अंगात काय घातलं हुतं ते बी सांगते."

मागे रांग खोळंबली होती. भिक्खूंनी आणखी एक विचारलं. भीती वाटली का?

"लई वाटली. देव कोपतील म्हनून आई तीन दिस रडत हुती. चवथ्या दिशी भाकरी थापाया लागली."

भिक्खूंनी तिला खाली वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलेलं हारुकोनं सांगितलं, "आन ही?"

"मी जन्मानंच," मी म्हणाले.

ते हसले. "म्हंजी माझ्यासारखीच," हारुकोनं त्यांचं सांगितलं. मीही हसले, पण ते हसू टिकलं नाही. त्यांना सांगणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्याकडे होतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी आत्याला म्हटलं, "देव सोडले तेव्हा अण्णा कुठं होते?" अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"नदीवरच. पाच वर्साचा हुता. देवातला पितळंचा घोडा मुठीत धरून बसला. त्याच्याशी खेळायचा ना त्यो! बाप म्हनला, सोड. त्यो मूठ उघडंना."

"मग?"

"मानसं म्हनली, हिसकून घ्या. बापानं त्याला खांद्यावर घेतलं आन तसंच घरी आनलं. म्हनला, पोराचं खेळनं हाय ते, देव न्हाई."

त्यानंतर आत्या पाच वर्षं होती. गावी गेले की मी तिला विचारत बसायची. त्या दिवशी मात्र आमची ही पहिलीच वेळ होती. गाडी क्योतोला येऊन थांबली, माणसं उतरली, डबा रिकामा झाला. आत्याचं बोलणं चालूच होतं. दारापर्यंत गेलेली हारुको मागं वळली आणि आमच्यासमोर येऊन बसली.