टिग मर्लचं ऐकेना

मर्ल हनाफोर्डच्या कुत्रीने, टिगने, तिचं ऐकणं सोडलं, हे आमच्या ऑस्ट्रेलियातल्या कॅस्टर्टन गावात कुणाला खरं वाटेना. मेंढ्या वळवण्यात टिगचा हात धरणारी दुसरी केल्पी, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री, या भागात नव्हती आणि मर्ल तिला शिट्टीशिवाय, नुसत्या आवाजावर चालवायची. आता मर्लने "डावीकडून" म्हटलं, की टिग जागीच बसून तिच्या तोंडाकडे बघत राही.

मी तिची शेजारीण. मर्ल मनाच्या दुखण्यावर वीस वर्षं लिथियमची गोळी घेते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ती लपवत नाही. त्याआधी ती कधी रात्रंदिवस कुंपणं रंगवत सुटायची, तर कधी महिना महिना अंथरूण सोडायची नाही. गोळीने तिला ताळ्यावर आणलं. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र ती मंदावली. भर उन्हात लोकरीचा स्वेटर, सुजलेला चेहरा, दुपारी डुलक्या. तिची बहीण युना म्हणाली, "तुझं जुनं दुखणं परत आलंय." मर्ललाही तेच वाटलं.

"गोळीत आता दम राहिला नाही," ती मला म्हणाली. "कुत्रीसुद्धा मला जुमानत नाही. जूनच्या लिलावात टिगला विकते आणि गोळीही बंद करते."

"कुत्रीचं काय ते कर. गोळी सोडलीस तर तुझ्या मेंढ्या कोण सांभाळणार, मी?"

मी चिडून बोलले खरी, पण मला भीती वाटली होती. गोळीआधीची मर्ल मी पाहिलेली आहे.

लिलावाआधी डेस पॅस्को नावाचा लांबच्या गावचा मेंढपाळ टिगला पारखायला आला. मर्लला तो प्रथमच भेटत होता. त्याने मर्लचाच हुकूम खणखणीत आवाजात दिला आणि टिग सुसाट सुटली, सगळा कळप गोळा करून त्याच्या पुढ्यात आणून उभा केला.

"कुत्रीत काही खोट नाही," तो मर्लला म्हणाला. "पण तुमचा घसा कधीपासून बसलाय?"

"माझा? कुठे बसलाय?"

"मग आवाज असा घोगरा कशाने?"

आम्ही रोज ऐकणारी माणसं, आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आवाज हळूहळू जाड आणि रेंगाळता झाला होता. टिगला त्यातले हुकूमच ओळखू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मर्लला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या. लिथियम घेणाऱ्याने ठरावीक मुदतीने रक्त तपासायचं असतं आणि मर्लने लोकर कातरायच्या गडबडीत ते दोनदा बुडवलं होतं. तपासणीत निघालं ते थायरॉइड. लिथियममुळे काहींचं ते मंदावतं आणि मग थंडी वाजते, चेहरा सुजतो, आवाजही जाड होतो. त्याला वेगळी गोळी आहे. "लिथियम मात्र आपल्या मनाने थांबवायचं नाही," त्यांनी बजावलं.

युना म्हणाली, "म्हणजे सगळं त्या लिथियमनेच केलं. फेकून दे."

"वीस वर्षं त्याने मला माणसांत ठेवलं," मर्ल म्हणाली. "एवढ्या खोडीसाठी हाकलून देऊ? आणखी एक गोळी गिळेन, तोंड आहे की मला."

टिग लिलावाला गेली नाही. दोन-तीन महिन्यांनी, सप्टेंबरातल्या एका सकाळी, मी मर्लच्या फाटकापाशी उभी होते. ती न ओरडता, पूर्वीच्या आवाजात "डावीकडून" म्हणाली. शब्द पुरता व्हायच्या आत टिग पळत सुटली होती.

मर्लचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"मला वाटत होतं, मी संपत चाललेय," ती म्हणाली. "मी तर इथेच होते गं."